थंडीत गाडीचा एसी दुरुस्त करून घेतला, नाशिकला द्वारकेच्या चाचांकडे. माझा अनुभव

डिसेंबरमध्ये गाडीचा एसी रिपेअरला टाकतेय असं घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं स्वेटर घालून, मफलर गुंडाळून गाडी चालवतेस आणि एसी कसला दुरुस्त करतेस, होळीनंतर बघू की. त्यांचं काही चुकलं नाही, मी पण गेली सहा-सात वर्षं हेच करत आले. दिवाळी झाली की एसीचं बटन बंद ते थेट होळीपर्यंत हात लावायचा नाही, पेट्रोल वाचतं, आणि थंडीत हवाय कशाला. म्हणूनच हे जरा सविस्तर लिहितेय कारण माझ्यासारखे अजून खूप जण असणार, आणि ज्या माणसाने मला हे नीट समजावून सांगितलं आणि काम पण चोख केलं त्याच्याबद्दल चार लोकांना कळायला पाहिजे असं मनापासून वाटतंय.

मी शाळेत शिकवते, रोज नाशिक ते निफाड. गाडीत आम्ही चौघी मैत्रिणी असतो, पेट्रोल वाटून घेतो. सकाळची शाळा त्यामुळे सहाला निघावंच लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत सहा म्हणजे मिट्ट काळोख. निफाडची थंडी महाराष्ट्राला नवीन नाही, दर हिवाळ्यात पेपरात फोटो येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या आणि खाली पारा ५ च्या खाली गेल्याची बातमी. ती थंडी आम्ही रोज गाडीतून बघतो, बांधावरून धूर सरकत असतो आणि चांदोरीच्या आसपास आलं की गोदावरीच्या बाजूने धुकं असं येतं की पुढचे पन्नास फूट पण दिसत नाहीत. पण मला त्रास त्या धुक्याचा नव्हता, ते सगळ्यांनाच असतं, हळू चालवायचं. त्रास होता काचेच्या आतल्या बाजूचा.

चार माणसं, चौघींचे गरम डबे, काचा पूर्ण वर. दहा मिनिटांत पुढची काच आतून पांढरी होते. मी काय करायचे, ओढणीने पुसायचे. पुसलं की दोन मिनिटं बरं आणि मग त्या पुसलेल्या जागेवर ओरखड्यासारख्या रेषा आणि समोरून ट्रक आला की त्याचा लाईट त्या रेषांवर फुटून सगळी काच चमकते, काहीच दिसत नाही. शेजारी बसलेली मॅडम रुमाल घेऊन तयारच असायची. हे आम्ही कित्येक हिवाळे केलंय आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चांदोरीच्या अलीकडे असंच धुकं, काच आतून भरलेली, मी ते पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटन दाबलं, पंखा फुल केला, एसीचा लाईट पण लागला पण काच साफ व्हायच्या ऐवजी अजूनच भरली. एका हाताने स्टेअरिंग आणि एका हाताने पुसतेय, आणि त्या पुसलेल्या वितभर जागेतून मला एकदम उसाची वाढी दिसली. लोंबकळणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, बास. उसाची ट्रॉली होती, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढे ट्रॅक्टर आहे का नाही ते पण कळत नव्हतं. ब्रेक दाबला तेव्हा गाडी त्या उसापासून पाच-सहा फुटांवर थांबली. मागच्या सीटवरून मैत्रिणीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता. पुढच्या टपरीवर गाडी लावली आणि आम्ही चौघी दहा मिनिटं काही न बोलता उभ्या राहिलो. मागून एखादी गाडी आली असती तर, हा विचार मला पुढे तीन-चार रात्री येत होता.

रिफ्लेक्टरचा विषय वेगळा आहे, त्याबद्दल मी ट्रॉलीवाल्यांशी पण बोललेय, पण माझ्या हातात होतं ते म्हणजे माझी काच. आमच्या शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर काका आहेत त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम एसी चालतो का तुमचा? मी म्हटलं थंडीत कशाला लावू. तर म्हणाले थंडीतच तर लागतो, काच त्यानेच साफ होते, आणि चालत नसेल तर द्वारकेला चाचांकडे जा, दुसरीकडे कुठे जाऊ नका.

द्वारका सर्कलच्या मागच्या गल्लीत, जिथे स्पेअर पार्टची दुकानं आहेत तिथे एक पत्र्याची शेड आहे, भिंतीवर निळ्या रंगाने नुसतं 'कार एसी' लिहिलंय, दुसरं काही नाव नाही. दोन गाड्या कशाबशा मावतात. बसायला एक लाकडी बाकडं आणि एक टायर. चाचा साठीच्या पुढचे असतील, सोबत त्यांचा पुतण्या. रविवारी सकाळी नऊला गेले, माझ्या आधी एकच गाडी होती.

आता इथे मला आधीचं सांगायला पाहिजे. गेली तीन वर्षं दर होळीला मी दुसऱ्या एका वर्कशॉपला जायचे, तिथे अर्ध्या तासात गॅस भरून द्यायचे, दीड हजार रुपये. एसी मस्त गार. पुढच्या होळीला परत गार नाही, परत दीड हजार. मला वाटायचं एसीचा गॅस वर्षाला संपतोच, पेट्रोल संपतं तसा. एकदा विचारलं पण होतं तर 'मॅडम जुनी गाडी आहे, होणारच' एवढंच उत्तर. गाडी २०१७ ची आहे, म्हणजे तेव्हा काही फार जुनी पण नव्हती.

हे चाचांना सांगितलं तर त्यांनी बोनेट उघडता उघडता वर बघितलं आणि म्हणाले, "ताई, गॅस म्हंजे काय पेट्रोल हाय का जळून जायला? बंद पाइपात गोल गोल फिरतो तो. कमी झाला म्हंजे कुठून तरी बाहेर गेला. भोक बुजवायचं सोडून वरून भरत बसले ते लोक." मग दुसरा प्रश्न, दिवाळीपासून एसी लावलाय का. मी म्हटलं नाही. दरवर्षी असंच? म्हटलं हो. त्यांनी मान हलवली, म्हणाले तिथंच बघतो मग पहिलं.

त्यांनी काय काय केलं ते मी तिथेच उभी राहून बघितलं, त्यांनी पण काही लपवलं नाही, उलट प्रत्येक गोष्ट बोलावून दाखवली. पहिलं गॅसचा दाब दाखवणारं दोन काट्यांचं मीटर लावलं, गाडी बंद असताना. दोन्ही काटे २५ च्या जवळ. चाचा म्हणाले एवढ्या थंडीत पण गाडीत नीट गॅस असला तर गाडी बंद असताना दोन्ही काटे ६० च्या आसपास पाहिजेत, २५ म्हणजे जवळजवळ काही उरलेलंच नाही. आणि इतका कमी गॅस असला की प्रेशरचा स्विच कॉम्प्रेसरला (गॅस दाबून फिरवणारा पंप) चालूच होऊ देत नाही, नाहीतर तो कोरडा फिरून जळेल. म्हणजे त्या दिवशी माझा बटनावरचा लाईट लागला होता पण कॉम्प्रेसर बंदच होता, मी नुसता पंखा फिरवत होते. एसी खरंच चालू झाला का ते कसं ओळखायचं ते पण त्यांनी शिकवलं, गाडी उभी असताना बटन दाबलं की बोनेटमधून 'टक' असा कॉम्प्रेसरच्या क्लचचा आवाज येतो आणि इंजिनाचा आवाज किंचित बदलतो. आता मी रोज तो 'टक' ऐकल्याशिवाय निघत नाही.

मग राहिलेला गॅस काढून पाइपात नायट्रोजन भरला आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचा फेस लावला. पुतण्या ब्रशने लावत होता आणि चाचा टॉर्च घेऊन वाकून बघत होते. कंडेन्सर बघितला, पाइपांचे जॉइंट बघितले, गॅस भरायच्या तोंडातली पिन बघितली. एका जॉइंटवर अगदी बारीक बुडबुडा. मग कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, क्लचच्या प्लेटच्या मागे. तिथे आधीच तेलकट काळी धूळ चिकटलेली होती आणि फेस लावल्यावर हळूहळू एकेक बुडबुडा फुगायला लागला, मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग फुटायचा आणि परत दुसरा. मला हात धरून बोलावलं, "हे बघा ताई, तुमचे दीड हजार इथून जातात दर साली."

कारण पण त्यांनीच सांगितलं आणि ते मला फार पटलं. कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो आणि पट्ट्याला जोडला जातो तिथे एक सील असतं. त्या सीलला ओलं ठेवतं ते गॅसबरोबर फिरणारं तेल. एसी लावला की तेल फिरतं, सीलला लागतं. चार-चार महिने एसी लावलाच नाही तर तेल खाली बसतं, सील कोरडं पडतं, कडक होतं, आणि मग तिथून गॅस झिरपायला लागतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत मी पेट्रोल वाचवतेय असं समजत होते त्याच चार महिन्यांत सील वाळत होतं. चाचा म्हणाले थंडीत आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं एसी लावायचा, गार वाटत असेल तर टेंपरेचरचा नॉब गरमकडे ठेवायचा, हवा गरमच येईल पण कॉम्प्रेसर फिरेल.

हे ऐकून मी चक्रावलेच, एसी आणि हीटर एकत्र लावायचे? मला वाटायचं की निळ्या बाजूला एसी आणि लाल बाजूला हीटर, एका वेळी एकच. तसं नसतं. डॅशबोर्डच्या आत हवा आधी गार कॉइलवरून जाते आणि मग हीटरच्या कॉइलवरून. हीटरच्या कॉइलमध्ये इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं, ती उष्णता तशीही वायाच जाणार असते त्यामुळे हीटरला वेगळं पेट्रोल लागत नाही. आणि गार कॉइलवर काय होतं तर फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर बाहेरून पाणी जमतं ना, तसंच हवेतलं पाणी त्या कॉइलवर जमतं आणि नळीतून गाडीखाली टपकतं. म्हणजे हवा आधी कोरडी होते मग गरम होते, आणि अशी कोरडी गरम हवा काचेवर गेली की काच साफ. नुसता हीटर लावला तर हवा गरम होते पण चौघींच्या श्वासातलं पाणी गाडीतच राहतं. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेचं बटन दाबलं की एसी आपोआप चालू होतो, कंपनीने ते उगाच दिलेलं नाही. सहा-सात वर्षं गाडी चालवतेय आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सुद्धा नाही, तिथे नुसतं क्लच आणि रिव्हर्स.

सीलचं काम करायला कॉम्प्रेसर खाली उतरवावा लागला. चाचांनी तीन पर्याय दिले, नवीन कॉम्प्रेसर, रिकंडिशन केलेला, किंवा ह्यातच सील बदलायचं, आणि स्वतःच म्हणाले की कॉम्प्रेसर आतून चांगला आहे, नवीनचा खर्च करू नका. जुनं तेल काढून एका मापाच्या ग्लासात घेतलं, किती निघालं ते बघितलं आणि त्या हिशोबाने नवीन घातलं. तेलाचा डबा पण छोटा आणि वापरल्यावर झाकण लगेच गच्च, कारण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणे. जॉइंटचे ओ-रिंग बदलले, सिस्टीम उघडली म्हणून ड्रायर, म्हणजे आतली ओल शोषणारी डबी, बदलला. मग आतली हवा आणि ओल ओढून घ्यायला पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून ठेवला आणि पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं काटा हलतोय का बघत बसले, हलला म्हणजे अजून गळती आहे. मला ही पंधरा मिनिटं फार महत्त्वाची वाटली कारण आधीच्या ठिकाणी व्हॅक्यूम बिक्यूम काही नसायचं, आले, सिलिंडर लावला, हात लावून बघितलं गार लागतंय, द्या पैसे. चाचांनी गॅस वजन करून भरला. बोनेटच्या आत एक स्टिकर आहे, त्याच्यावर लिहिलंय आर-१३४ए, ४०० ग्रॅम. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि ४०० झाले की बंद. जास्त भरला तरी थंड कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो, हे पण मला तिथेच कळलं.

ग्लोव्ह बॉक्स काढून एसीचा फिल्टर दाखवला. तो बघून मला खरंच वाईट वाटलं. कडुनिंबाची पानं, भुसा, कसला तरी कापूस, आणि धुळीचा एक जाड थर, ह्यातून येणारी हवा आम्ही चौघी रोज घेत होतो. आणि अजून एक चूक सापडली, हवा आतल्या आत फिरवायचं बटन उन्हाळ्यापासून तसंच चालू राहिलेलं. त्यामुळे आमच्याच श्वासाची ओली हवा परत परत काचेवर जात होती. काच साफ करायची असेल तर बाहेरची हवा आत घ्यायची, धुकं असलं तरी. बाहेरची थंड हवा ओली दिसते पण आत येऊन गरम झाली की ती कोरडी पडते.

शेवटचं सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी टेस्ट कशी घेतली. पुतण्याला सांगून चार ग्लास कडक चहा मागवला, चारही वाफाळते ग्लास डॅशबोर्डवर काचेच्या खाली ठेवले, मला आणि सोबत आलेल्या मिस्टरांना आत बसवून दारं लावून घेतली. दोन-तीन मिनिटांत काच पूर्ण पांढरी. मग खिडकीतून हात घालून बटन दाबलं, टक, आणि म्हणाले आता बघा. खालून, जिथून हवा येते तिथून एक काळी रेघ उमटली आणि ती वर वर सरकत गेली, जसा पडदा वर जातो. मिनिटभरात समोरची अख्खी गल्ली स्वच्छ, एक डाग नाही, एक ओरखडा नाही. माझ्या डोळ्यासमोर ती उसाची वाढी आली आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. मग तोच चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला.

बिल झालं ४,२०० रुपये. सील आणि मजुरी मिळून २,०००, गॅस १,१००, तेल ३००, ड्रायर आणि ओ-रिंग ५००, फिल्टर ३००. तीन वर्षांत मी साडेचार हजार नुसत्या गॅसवर घातले होते, त्याच्यापेक्षा कमीच.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगते. वेळ खूप लागतो, मी नऊला गेलेले आणि निघाले तेव्हा साडेतीन झाले होते, मध्ये नायट्रोजनचा सिलिंडर संपला तो आणायला पुतण्या गेला त्यात पाऊण तास. फोन उचलत नाहीत, हात तेलाचे असतात म्हणून. बिल साध्या वहीच्या कागदावर, ज्यांना ऑफिसला बिल लावायचं असेल त्यांनी आधी बोलून घ्या. बायकांना थांबायला सोयीची जागा नाही, बाथरूमसाठी मला समोरच्या दवाखान्यात जावं लागलं. ह्या गोष्टी सुधारायला पाहिजेत, मी चाचांना तोंडावर पण सांगितल्या आणि त्यांनी ऐकून घेतल्या, निदान दोन खुर्च्या ठेवतो म्हणाले.

आता काम करून दीड महिना झाला. सकाळी निघताना मी हवा पुढच्या काचेवर, एसी चालू, नॉब लालकडे, बाहेरची हवा, पंखा दोनवर असं लावते. पहिली पाच-सात मिनिटं इंजिन गरम होईपर्यंत गार हवा येते, तेवढं सोसावं लागतं, मागच्या दोघी शाल घेऊन बसतात. मग गाडी ऊबदार आणि काच कोरडी. ओढणी आता ओढणीच्या जागी असते. एक गोष्ट मात्र स्वतःच्या अनुभवाने शिकले, काच साफ झाली म्हणून मध्येच एसी बंद करायचा नाही, कारण कॉइलवर जमलेलं पाणी परत हवेत उडतं आणि काच एकदम भरते, हे मी एकदा करून बघितलं आणि लगेच घाबरून परत चालू केला. शाळेजवळ पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी, उजाडलेलं असतं तेव्हा, एसी बंद करून पंखा चालू ठेवते म्हणजे कॉइल वाळते, त्यामुळे तो कुबट वास पण गेलाय.

पेट्रोलचं विचाराल तर टाकी फुल टू फुल करून दोनदा हिशोब केला, माझ्या गाडीत लिटरमागे अर्ध्या किलोमीटरच्या आतच फरक पडला. उन्हाळ्यात एसीने जेवढा पडतो तेवढा थंडीत पडत नाही कारण बाहेर आधीच गार असतं, कॉम्प्रेसरला फार राबावं लागत नाही. चौघींत तो खर्च वाटला तर दिवसाला किती होतो ते मी काढायला बसलेच नाही.

आमच्यातली एक मॅडम सुट्टीत मनालीला गेली होती, तिचा फोन आला की अगं इथे एसी चालूच होत नाही, बिघडला का. चाचांना विचारलं तर म्हणाले शून्याच्या जवळ टेंपरेचर गेलं की सिस्टीमच कॉम्प्रेसर बंद ठेवते, नाहीतर कॉइलवर बर्फ होईल, खाली उतरली की आपोआप लागेल. तसंच झालं. आपल्याकडे निफाडला सुद्धा हा प्रश्न मला अजून आला नाही.

गेल्या रविवारी गाडी परत दाखवून आले, त्यांनीच बोलावलं होतं, महिन्याने या म्हणून. मीटर लावलं, काटे जिथे होते तिथेच. सीलला फेस लावून बघितला, एक पण बुडबुडा नाही. पैसे घेतले नाहीत. शेडमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात. कोणाला जायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर जा, मार्चनंतर तिथे रांग असते, आणि शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद असतं.